काशीच्या वहीतले पणजोबा

काशीत ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात अजूनही मराठी कानावर पडते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, "मूळ गाव कोणतं?" आडनाव त्यानंतर. त्यांच्या वह्या गावांनुसार लावलेल्या असतात, आणि कोणत्या मुलखाचे यजमान कोणत्या घराण्याकडे, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. तीन पिढ्या पुण्यात राहिलेल्या माणसाने "पुणे" सांगितले, तर त्याची वही सापडणे कठीण.

म्हणून काशीचे तिकीट काढण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. "पणजोबांचं नाव काय?" असे एकदम विचारू नका. "कुलदैवताला कुठून जायचात? तुमच्या लग्नाला कोण कोण आलं होतं?" असे विचारले की नावे आपोआप येतात. श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या गोत्रासह उच्चारतात. ती नावे बहुतेक घरांत कुठेतरी लिहून ठेवलेली असतात. त्यांना जुन्या सातबाऱ्यावरच्या वारसनोंदींची आणि फेरफारांची जोड द्या. मूळ गाव अनेकदा तिथेच हाती लागते.

आता वही. लांबट, कापडात बांधलेली. यात्रेकरू आला की त्याने आपला 'लेख' लिहून द्यायचा: स्वतःचे नाव, बापाचे, आजोबांचे, भाऊ, मुलगे, गाव, आणि खाली सही. अक्षर येत नसेल तर दुसऱ्याने लिहायचे. पुढच्या पिढीचा कोणी आला की जुना लेख काढून दाखवायचा आणि नवा लिहून घ्यायचा. आपल्या खापरपणजोबांच्या हातचे अक्षर समोर येते तेव्हा माणूस थोडा वेळ बोलत नाही.

ते अक्षर बहुधा मोडी असते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लटकवतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे घाईने वाचू नका. परवानगी घेऊन फोटो काढा आणि मोडीच्या जाणकाराकडून वाचून घ्या. वही ही उपाध्यायांच्या घरची ठेव आहे. परवानगी आणि दक्षिणा दोन्ही आधी बोलून घ्याव्यात.

काळ शकात असतो. समजा लिहिले आहे: शके १७९०, विभवनाम संवत्सर, माघ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषात इंग्रजी वर्ष बदलते, तेव्हा पुढच्या महिन्यांना ७९. म्हणजे हा माघ १८६९ सालचा. संवत्सराचे नाव सोडू नका. साठ नावांचे चक्र असल्याने एखादा आकडा पुसट असला तरी त्यावरून वर्ष ताडून पाहता येते.

चुका होतात त्या नावांत. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने एकाच घरात तीन विठोबा निघतात. दत्तक गेलेला मुलगा दुसऱ्याच बापाच्या नावाखाली सापडतो. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही मुळात वतनांची नावे. त्यामुळे एकच घराणे शेजारच्या गावी वेगळ्या आडनावाने नांदते. म्हणून एका लेखावर विसंबू नये. नाव, गाव आणि काळ तिन्ही जुळले तरच नाते मानावे.

ज्यांच्या पूर्वजांना जातीमुळे घाटावर पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्यांना ते या वह्यांत शोधूनही सापडणार नाहीत. त्यांनी गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांपासून सुरुवात करावी.

वंशाची नोंद ठेवण्याचे हे काम काशीतच मोठ्या प्रमाणावर करून ठेवलेले एक मराठी घराणे आहे. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला आले. त्यांचे नातू शंकरभट्ट यांनी 'गाधिवंशानुचरित' हा आपल्या घराण्याचा इतिहास संस्कृतात लिहिला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. पैठण ते काशी हा प्रवास आज सांगता येतो, कारण घरातल्या एकाने तो लिहून ठेवला.

वहीत जुना लेख सापडो वा न सापडो, उठण्याआधी आपला लेख लिहा. जुन्या लेखांत मुलींची नावे क्वचितच मिळतात. तुमच्या लेखात आईचे नाव आणि तिचे माहेर, बहिणी, लेकी, सुना, सगळ्यांची नावे असू द्या, आणि अक्षर सुवाच्य काढा.