जॅझ गिटार: तीन सूर पुरतात
जॅझ गिटार शिकताना पहिली धास्ती कॉर्डची. बोटं पुरत नाहीत, हात लहान वाटतो. पण सहाही तारा दाबायच्या नसतात. मूळ सूर, तिसरा आणि सातवा, एवढ्यात कॉर्ड ओळखू येतो.

सर्वांत जाड तार सहावी. जी सेव्हनसाठी सहाव्या तारेचा तिसरा पडदा दाबा, चौथीचा तिसरा, तिसरीचा चौथा. आता सी मेजर सेव्हन: पाचवीचा तिसरा, चौथीचा दुसरा, तिसरीचा चौथा. उरलेल्या तारा वाजू देऊ नका.

जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८च्या आगीत अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवरच त्यानं बहुतेक सुरावटी वाजवल्या. आपल्याला तर चार आहेत! रोज पंधरा मिनिटं, सावकाश वाजवा.