पैसे न उडवता ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ पूर्ण करता येतो का?

या रेसिंग गेममध्ये सुरुवातीला एक जुनी गाडी विकत घ्यावी लागते. पुढे मात्र फारसे क्रेडिट्स न खर्चताही गॅरेज भरतं. कसं?

१. कॅफे मेन्यू: ठरलेल्या शर्यतींत पहिल्या तिघांत या, गाड्या बक्षीस मिळतात.

२. लायसन्स: सगळ्या चाचण्यांत ब्राँझ मिळवलं की एक गाडी, सगळ्यांत गोल्ड मिळवलं की आणखी एक.

३. सराव: नवे पार्ट्स घेण्याआधी वळणावर ब्रेक कधी दाबायचा ते शिका. ते फुकट आहे!

हे महत्त्वाचं का? कारण इथले क्रेडिट्स खऱ्या पैशांनीही विकत मिळतात. मार्च २०२२ मध्ये शर्यतींची बक्षिसं घटवली तेव्हा खेळाडू भडकले. कंपनीने माफी मागून १० लाख क्रेडिट्स दिले.

त्यामुळे पैसे भरण्याआधी स्वतःला विचारा: कमी काय पडतंय, गाडी की सराव?