ओलीवरची ज्वारी

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली असेल. तिथून पुढे काढणीपर्यंत तिला बहुधा पाऊस मिळत नाही. कालवा नाही, आणि विहीर असलीच तर तिचं पाणी उसाकडे वळलेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात जी ओल जमिनीत मुरली, तेवढ्यावर माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा, दोन्ही तयार होतं. हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीवर हल्ली परिषदा भरतात, ड्रोन उडतात. मला मात्र वाटतं की या विषयातला निम्मा अभ्यास सोलापूर जिल्ह्यातल्या रब्बी ज्वारीत होऊ शकतो. मी मूळचा तिकडचाच, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

इतिहास भराभर उरकतो. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाकडची. आपल्याकडे आली त्याला काही हजार वर्षं झाली. साठच्या दशकात देशात ती पावणेदोन कोटी हेक्टरांवर होती, आज चाळीस लाखांच्या आसपास उरली आहे. १९६४मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, पण तो खरिपाचा. खरिपाचा दाणा पावसात काळा पडतो, त्यामुळे ‘हायब्रीड’ भाकरीला घरोघरी नाकं मुरडली गेली. पुढे रेशनचा गहू, मग सोयाबीन, मग ऊस. ७२च्या दुष्काळात लोकांनी नाक मुरडत खाल्लेली लाल मिलो हीसुद्धा अमेरिकेतून आलेली ज्वारीच होती, हे मात्र पुष्कळांच्या गावी नसतं.

आता माझ्या आवडीचा विषय. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३मध्ये सुरू झालं. ना. वि. कानिटकर हे त्यातलं मोठं नाव. त्याआधी दहाएक वर्षं मांजरीला त्यांचं काम चाललं होतं, आणि त्यातून पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ आकाराला आली: बांधबंदिस्ती, खोल मशागत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी. त्याच तीसच्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीच्या कणसांतून निवड करत करत एक वाण पक्का केला गेला, एम ३५-१. संकर नाही, प्रयोगशाळा नाही. शेतकऱ्यांच्याच बियाण्यातून चांगलं कणीस उचलायचं, पेरायचं, पुन्हा निवडायचं. ऐंशीहून अधिक वर्षं उलटली तरी रब्बी ज्वारीचा नवा वाण आला की त्याची तुलना एम ३५-१शी होते. पिकांच्या जगात एवढं टिकलेले वाण फार थोडे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात बिदरच्या सुलतानाची कोठारं लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत याच गावचे. कोठार आणि दुष्काळ हे दोन शब्द इथे पहिल्यापासून शेजारी नांदतात.

ओलीचं गणित ऐका. मीटरभर खोल चांगल्या काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगाचं साधारण दीडशे ते दोनशे मिलीमीटर पाणी राहतं. जमीन हीच टाकी, आणि ती एकदाच भरते. म्हणून पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यातच. फार आधी पेरली तर खोडमाशी पोंगा मारते. उशीर केला तर दाणा भरायच्या वेळी टाकी रिकामी. त्यात मान्सूनही आता रेंगाळतो. हवामान खात्याने २०२०मध्ये वायव्य राजस्थानातून मान्सून परतायला लागण्याची सरासरी तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला सोलापूर-पंढरपूर भागात जो पाऊस कोसळला, तो आठवून अजून लोक कपाळाला हात लावतात. पाभर रानात घालायचा महिना चिखलात गेला.

पाणी राखायचं तंत्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवर, डिसेंबरात. म्हातारे बाबा बैलांमागे कोळपं धरून चालले होते. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्यात अखंड पासेच्या, आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, कारण तोवर काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळपं माती उकरून भेगा बुजवतं. बाबांनी एका भेगेत काठी घातली, ती हातभर आत गेली. कोळपलेल्या पट्ट्यात नेऊन त्यांनी वीतभर माती उकरली, खालचं ढेकूळ माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाले, “दाबा.” दाबलं तर ते फुटलं नाही, वळलं. “येवढ्यावर दाणा भरतोय,” ते म्हणाले. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ही तिकडची म्हण त्या मुठीत पटली.

बाबा जे जमिनीवर करतात तेच रोपाच्या आत घडवता येईल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत, आणि ती गोष्ट मला एखाद्या रहस्यकथेइतकी आवडते. इथिओपियातल्या एका देशी ज्वारीपासून अमेरिकेत बी-३५ नावाचा वाण निघाला. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला तरी त्याची पानं हिरवी राहतात. ती का राहतात, याचा माग ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या अँड्र्यू बॉरेल यांच्या गटाने घेतला. उत्तर असं निघालं, की या ज्वारीला फुटवे कमी आणि वरची पानं लहान. म्हणजे ती तरुणपणी पाणी बेताने पिते आणि वाचलेलं पाणी दाणा भरताना वापरते. हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेत, मातीने भरलेल्या उंच नळ्यांत एकेक रोप वाढवून ते कधी किती पाणी पितं हे तोलून पाहतात. स्कॅनरखाली हजारो रोपांची पानं मोजतात. डिजिटल शेती म्हणतात ती मला इथे खरी भेटली.

आपल्याकडे याचं महत्त्व दुहेरी. ताण पडलेल्या ज्वारीला खडखड्या होतो: बुंधा आतून पोकळ, काळा पडतो आणि वाऱ्याच्या झुळकीने अख्खं रान लोळतं. दाणा बारीक राहतो, कडबाही जातो. हिरवी राहणारी ज्वारी शक्यतो लोळत नाही.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. जमिनीच्या खोलीप्रमाणे त्यांनी वाण वाटून दिले. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाणी असेल तर फुले रेवती. शिवाय लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी, हुरड्यासाठी फुले उत्तरा. हुरड्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: सुरतीचा किंवा गूळभेंडीचा हुरडा गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खावा. रिसॉर्टवाल्यांच्या हुरडा पार्टीत पावभाजीही मिळते, तिथे मी जात नाही. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवशीला, लातूर-धाराशिवकडे कुणी रानात बोलावलं तर मात्र जरूर जावं. कडब्याची कोप, त्यात पूजा, मग भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबिल.

डिजिटल शेतीबद्दल माझी तक्रार जमिनीच्या खोलीच्या याच मुद्द्यावर आहे. राज्यात महावेधची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, २०२१पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली, हे तर उत्तम काम. पण रब्बी ज्वारीवाल्याला उद्या पाऊस येईल का हे विचारायचंच नसतं. ओल किती उरली आणि किती खोल, हे हवं असतं. उपग्रहावरचं मायक्रोवेव्ह उपकरण वरच्या पाचेक सेंटीमीटरची ओल पाहतं. ज्वारीचं मूळ मीटरभर खाली गेलेलं असतं. सातबारावर जिरायत-बागायत कळतं, मातीची खोली कळत नाही. प्रत्येक गटाच्या मातीची खोली मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिली, तर कुठला वाण पेरायचा हा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. त्याला ड्रोन लागत नाही, गिरमिट लागतं.

आणि कडबा. संशोधनाने पुष्कळ वर्षं फक्त दाणा मोजला. हैदराबादच्या कडबा बाजारात पशुआहाराच्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा पचनीयतेत पाचेक टक्क्यांचा फरक असला तरी दरात चौथाईच्या घरात फरक पडतो असं दिसलं. व्यापारी तो फरक बरोबर ओळखत होते! आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. दुष्काळात दाण्याआधी त्याचा कडबा विकला जातो.

मग पेरा का घटतो? खरं कारण काढणीत आहे. ही ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वाळलेल्या कठीण जमिनीतून, फेब्रुवारीच्या उन्हात, वाकून. तळहाताला फोड येतात, पानांनी हात चिरतात. मग पेंढ्या, बुचाड, कणसं मोडणं, मळणी. या कामाला आता माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर परवडत नाही. कम्बाईन दाणा काढून देतं, पण बांधायला कडबा नीट ठेवत नाही. हरभरा एका दिवसात निघतो, म्हणून रान हरभऱ्याकडे जातं. लहान शेतकऱ्याला परवडेल असं, बुडातून उपटून पेंढी टाकणारं यंत्र गावोगाव पोहोचवणं, हे माझ्या मते नव्या वाणाहून निकडीचं संशोधन आहे.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे, की मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात आली की वर्षाची बेगमी करावी. दुकानदाराला नुसती ‘ज्वारी’ मागू नका. मालदांडी आहे का, मंगळवेढ्याची आहे का, रब्बीची आहे का, हे विचारा. भाव थोडा जास्त सांगितला तरी घासाघीस करू नका.