नेटवर्क आपल्या घरात पारखा
ग्राहकाचा हिशेब : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण वीजबिलातले वेगवेगळे आकार समजून घेतले. आज मोबाइलचं नेटवर्क.

‘कोणतं सिम चांगलं?’ या प्रश्नाला साऱ्या देशासाठी एकच उत्तर नाही, आणि याचं कारण व्यवस्थेतच आहे. सरकारने देशाची २२ दूरसंचार परिमंडळं केली आहेत. मुंबई परिमंडळ वेगळं. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. कंपन्यांना लहरी मिळतात त्या परिमंडळानुसार. त्यामुळे दादरला उत्तम चालणारी कंपनी सांगलीत किंवा सावंतवाडीत तशीच चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

लहरींचे गुणही वेगळे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती बऱ्यापैकी भेदतात. ५जीसाठी वापरला जाणारा ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा भरपूर डेटा वाहतो, पण त्याचा पल्ला कमी. म्हणून एसटी स्टँडवर ५जी दिसतं आणि जाड भिंतींच्या माजघरात फोन लागत नाही.

पारख कशी करायची? ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर २जी ते ५जीच्या कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. सुरुवात तिथून करा, पण तिथेच थांबू नका. नकाशा आपल्या स्वयंपाकघराची हमी देत नाही. शेजाऱ्याकडे त्या कंपनीचं सिम असेल तर त्याला फोन घेऊन घरी बोलवा. स्क्रीनवरच्या कांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’खाली सिग्नलचा आकडा मिळतो. ४जीवर तो उणे ९०च्या आसपास असेल तर चांगला. उणे ११०च्या खाली गेला की बोलणं तुटू लागतं. रात्री आठ-नऊ वाजताही पाहा. सिग्नल भरपूर आणि इंटरनेट रेंगाळतंय, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे. पावसाळ्यात वीज गेल्यावर कोणाचा टॉवर चालू राहतो, हे मात्र गावातली माणसंच सांगतील. त्यांना जरूर विचारा.

जुन्या मतांवरही विसंबू नका. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं. पूर्वीचा अनुभव काहीही असो, आज पुन्हा तपासायला हवं. जिओकडे २जी नाही, त्यामुळे फक्त २जीवर चालणारा जुना बटणांचा फोन त्या सिमवर चालणार नाही. आणि घरात ब्रॉडबँड असेल, तर वाय-फाय कॉलिंगने सिग्नलची उणीव बरीच भरून निघते.

आता पैसे. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षाला १३ रिचार्ज होतात. ट्रायने २०२२ मध्ये किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. म्हणून किमतीला दिवसांनी भागा आणि रोजचा खर्च ताडून पाहा. रोज दोन जीबी मिळतात आणि अर्धाच जीबी वापरला जातो, तर उरलेल्याचे पैसे वाया जातात. डिसेंबर २०२४ मधल्या दुरुस्तीनंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणंही कंपन्यांना भाग आहे. ज्या आजीला मुलांशी बोलायचं आहे आणि बँकेचा ओटीपी हवा आहे, तिच्या माथी डेटाचा खर्च मारू नका. दुकानदार बहुधा हे पॅक आपणहून दाखवत नाही. नाव घेऊन मागा.

पटलं नाही तर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. मात्र घाई नको. फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा असेल, तर नव्या कंपनीचं सिम महिनाभर वापरून पाहा. मग इंग्रजीत ‘पोर्ट’, मोकळी जागा आणि आपला नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. परिमंडळातल्या परिमंडळात तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या परिमंडळात जाताना पाच. प्रीपेडची शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही, म्हणून रिचार्ज संपत आला की अर्ज करा.

रात्री-अपरात्री १०८ला फोन लावायची वेळ आली, तर तो लागलाच पाहिजे. म्हणून क्रम उलटा करू नका : आधी घरात, शेतात, कामाच्या जागी सिग्नल; त्यात जे टिकतील, त्यांच्यातलं स्वस्त ते आपलं.

पुढच्या आठवड्यात : तक्रार कंपनीने ऐकली नाही, तर अपील कसं करायचं?