डोंगरी सायकलचा चिमटा घेताना

स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा ज्वारी-तुरीच्या भावांविषयी अथवा बाजार समितीच्या नियमांविषयी आम्ही काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर लिहिणारे आमच्याहून जाणते सभासद आहेत. आम्ही मात्र गेल्या दोन वर्षांत जी एक वस्तू पैसे मोजून, आणि थोडे रक्त सांडूनही, ओळखावयास शिकलो, तिच्याविषयी लिहावयाचे ठरविले आहे. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जाड टायरांच्या गिअरच्या सायकली आहेत. मुले त्या घेऊन डोंगरात जातात आणि पुढे नवा ‘शॉकअप’ बसवून द्या म्हणून हट्ट धरतात. वडील मंडळींनी पैसे देण्यापूर्वी काय पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. नातू दहावी उत्तीर्ण झाला म्हणून त्यास सायकल घेऊन दिली. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन्ही पाय चांगले जाड आणि लालभडक रंगविलेले होते. पोत्यात सळई खुपसून आतला दाणा तळहातावर घेतल्याखेरीज आम्ही आजवर माल उतरवून घेतलेला नाही. पण त्या दिवशी रंग पाहून पैसे दिले. एक पावसाळा गेला. पुढे मार्गशीर्षात नातू मित्रांसह कुंटाला धबधब्याकडच्या रानवाटेने उतरत असता चाक खडकावर आदळले, चिमटा बोटभरही दबला नाही, आणि पोरगा हँडलावरून पुढे फेकला गेला. हंसळीचे हाड मोडले. मिस्त्रीने चिमटा उकलला तेव्हा आत वंगणाचा थेंब नव्हता. स्प्रिंग एकाच पायात होती, दुसरा पाय पोकळ, आणि सरकावयाच्या नळ्या गंजून जागच्या जागी बसलेल्या.

हाड जुळल्यावर त्याने पुन्हा सायकल मागितली. त्याच्या आजीने स्पष्ट नकार दिला. आम्ही म्हणालो, आधी वस्तू समजून घेऊ, मग हो किंवा नाही म्हणू.

हा प्रकार फार जुना नाही. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुणांनी जुन्या जाड सायकली घेऊन उताराच्या शर्यती लावल्या, तेथून या खेळाचा ओघ सुरू झाला. तेव्हा चिमटा सरळ लोखंडी असे. धक्का बसे तो मनगटास. १९८९ साली पॉल टर्नर यांनी मोटारसायकलच्या धर्तीवर दबणारे चिमटे करण्यासाठी रॉकशॉक्स ही कंपनी काढली. दुसऱ्याच वर्षी ड्युरँगो येथील जागतिक स्पर्धेत उताराची शर्यत असा चिमटा लावलेल्या सायकलवर जिंकली गेली. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीस स्थान मिळाले. असो.

दुकानात आज दोन शब्द कानी पडतात. ‘ऑल-माउंटन’ म्हणजे ज्या सायकलने डोंगर चढावयाचा आणि तीवरूनच उतरावयाचा ती. ‘फ्रीराइड’ म्हणजे कड्यावरून उडी घेणे, मोठ्या उंचवट्यावरून झेप टाकणे. तेथे चढण्यास महत्त्व नाही. पहिल्या प्रकारास १४० ते १६० मिलिमीटर दबणारा चिमटा लागतो, दुसऱ्यास १६० ते १८० आणि क्वचित २००. आमच्या नातवाची पहिली सायकल यांपैकी कशातच बसत नव्हती. तिचा चिमटा कागदोपत्री ८० मिलिमीटरचा होता, आणि तोही सपाट रस्त्यासाठी.

येथपर्यंत ऐकून आम्हांस वाटले, जास्त लांब तो जास्त चांगला. हा समज चुकीचा निघाला आणि तो कसा चुकीचा हे समजावयास आम्हांस आमच्याच धंद्याचा उपयोग झाला. ज्याने मालाच्या लॉरीतून प्रवास केला आहे त्यास ठाऊक असते की, दहा टन माल भरलेली लॉरी खड्ड्यावरून डुलत जाते आणि तीच लॉरी रिकामी परतताना हाडे खिळखिळी करते. पाटे तेच, रस्ता तोच, फरक ओझ्याचा. पाटे भरल्या ओझ्यासाठी घडविलेले असतात. सायकलच्या चिमट्याचेही नेमके हेच आहे. पन्नास किलोच्या मुलास नव्वद किलोच्या गड्याची स्प्रिंग दिली तर ती त्याच्यापुरती दांडकेच होय. आणि उलट केले तर पहिल्याच खड्ड्यात चिमटा तळाशी जाऊन आदळेल.

म्हणून दुकानदारास पहिला प्रश्न वजनाविषयी विचारावा. लोखंडी स्प्रिंगचा चिमटा असेल तर वजनाप्रमाणे स्प्रिंगच बदलावी लागते, ती मिळते का हे आधी ठरवून घ्यावे. हवेच्या दाबावर चालणारा असेल तर छोट्या पंपाने दाब कमी-अधिक करता येतो. वाढत्या वयाच्या मुलासाठी आम्हांस हाच पसंत पडला. योग्य दाब ओळखण्याची रीत सोपी आहे. मुलाने नेहमीच्या जोड्यांसह आणि सामानासह सायकलवर स्थिर बसावे. चिमटा आपल्या एकूण दाबाच्या पाव हिश्श्याइतका खाली यावा. म्हणजे १६० मिलिमीटरच्या चिमट्यास सुमारे ४० मिलिमीटर. उड्या मारणाऱ्यांस थोडे अधिक, तीस टक्क्यांपर्यंत चालते. सरकत्या नळीवर रबराचे कडे असते, त्यावरून पट्टीने मोजता येते.

आता दबलेली वस्तू परत उसळणारच. ती उसळी आवरण्यासाठी एका पायात तेलाची यंत्रणा असते आणि खाली किंवा वर एक फिरकी. उसळी फार वेगाची ठेवली तर हँडल हातास झटका देते. फार मंद ठेवली तर ओळीने दगड आले की चिमटा एका दगडातून सावरण्यापूर्वीच दुसरा येतो, आणि तो दबत दबत शेवटी दबलेलाच राहतो. ज्या चिमट्यास ही फिरकी नाही आणि आत तेलाची यंत्रणाही नाही, तो डोंगरासाठी घेऊ नये, मग किंमत काहीही असो. येथे आम्ही कोणाचीही भीड धरीत नाही.

यानंतर सायकलच्या सांगाड्याची बाजू. सांगाडा अमुक लांबीच्या चिमट्यासाठी घडविलेला असतो. चिमटा २० मिलिमीटरने उंच झाला की पुढील नळीचा कोन सुमारे एका अंशाने मागे कलतो, पायडल उंचावते, चढावर पुढचे चाक भरकटते. आणि मुख्य म्हणजे सांगाड्याच्या डोक्याजवळील जोडावर ताण वाढतो. सांगाडा करणाऱ्याने जी मर्यादा लिहून दिली आहे ती ओलांडू नये. दोन जबड्यांचा, मोटारसायकलसारखा दिसणारा चिमटा मुलांस फार आवडतो. सांगाड्यास त्याची परवानगी लिहिलेली नसेल तर तो बसवूच नये. वरची नळी सरळ की खाली रुंद होत जाणारी, चाक साडेसत्तावीस इंची की एकोणतीस, आस १५ मिलिमीटरची की जुन्या पद्धतीची २० ची, ब्रेकची चकती किती मोठी चालते, हे सर्व जुळले पाहिजे. यांपैकी एक न जुळले तरी माल परत करावा लागतो. सरकत्या नळ्यांची जाडीही पाहावी: डोंगरासाठी ३४ ते ३६ मिलिमीटर, भारी देहाच्या माणसास अथवा उड्यांसाठी ३८.

आपल्या भागापुरते आमचे मत असे की फ्रीराइडचा चिमटा येथे वायफळ खर्च आहे. महबूब घाट डांबरी आहे. कुंटाला, पोचेरा यांच्या आसपासच्या वाटा दगडी खऱ्या, पण जितके उतरावे तितके चढावेही लागते. तेथे १४० ते १५० मिलिमीटर पुष्कळ झाले. कवाल अभयारण्याकडे जावयाचे तर वन खात्याची अनुमती घ्यावी, तेथे चिमट्याचा प्रश्न दुय्यम आहे. ज्याचा मुलगा पुण्यास राहतो आणि सह्याद्रीच्या घाटवाटांवर जातो, त्याने १६० चा विचार करावा.

जुना चिमटा स्वस्त मिळतो. घेताना सरकत्या नळीवरून नख फिरवावे. नख अडकले तर तेथून तेल गळणार हे निश्चित. वरची नळी कापून आखूड केलेली असते, ती आपल्या सांगाड्यास पुरते का हे मोजावे.

आणखी एक गोष्ट आदिलाबादकरांसाठी. आपल्याकडे पौषात पहाटे दहा अंशांच्याही खाली पारा जातो आणि वैशाखात चाळिशी ओलांडतो. हवा तापली की फुगते. दहा अंशांवर भरलेला दाब चाळीस अंशांवर सुमारे दहा-बारा टक्क्यांनी चढतो, आणि जानेवारीत छान चालणारा चिमटा एप्रिलमध्ये टणक झाल्याची तक्रार येते. ऋतू बदलला की दाब पुन्हा पाहावा. काळ्या मातीची धूळ तर तेलाच्या सीलची वैरीण आहे. प्रत्येक फेरीनंतर नळ्या मऊ फडक्याने पुसाव्यात, पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये, आणि सुमारे पन्नास तास चालविल्यावर खालचे पाय उतरवून तेल बदलावे. आमच्या पहिल्या चिमट्यास कोणी एकदाही उघडले नव्हते.

शेवटी १५० मिलिमीटरचा, हवेचा चिमटा घेतला. तो नातवाच्या जुन्या सायकलीस बसला नाही. सांगाडाही बदलावा लागला, म्हणजे खर्च आम्ही योजिला होता त्याच्या दुप्पट झाला. आजीची संमती शिरस्त्राण आणि गुडघ्यांच्या पट्ट्या आल्यावर मिळाली. गंजलेला लाल चिमटा आमच्या गोदामात खुंटीस टांगलेला आहे. ज्यास आतून पाहावयाचा असेल त्याने खुशाल यावे. हवेचा पंपही दुकानी गल्ल्याजवळ ठेवलेला असतो. पेट्रोल पंपावरच्या हवेने हे काम होत नाही, म्हणून सभासदांच्या मुलांनी तो अवश्य न्यावा. मात्र दुकान वाढविण्यापूर्वी परत आणून द्यावा.