तलवार आणि मंत्र

दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची फजिती होते, असे आपण म्हणतो. तरी तलवारही चालवावी आणि मंत्रही म्हणावा, हा मोह योद्ध्याला सुटत नाही. संगणकावरील ‘रोगलाइक’ खेळांत या मोहाची परीक्षा मोठी कठोर होते. 1980च्या सुमारास निघालेल्या ‘रोग’ या खेळावरून हे नाव पडले. येथे दर डावाला भुयार नव्याने रचले जाते आणि मेलेला वीर परत उठत नाही. म्हणून अंगावर काय घालावे, हा प्रश्न जिवावरचा ठरतो.

याच कुळातला ‘नेटहॅक’ 1987 साली आला. त्याच्या 3.6 या आवृत्तीतली व्हॅल्किरी, म्हणजे उत्तरेकडील पुराणकथांतली रणकन्या, उदाहरणादाखल घेऊ. ती जातीची लढवय्यी. शहाणपण आणि अनुभव पुरेपूर कमावला, तरी उघड्या अंगाने तिचा सर्वसाधारण मंत्र शंभरांत फार तर 70 वेळा साधतो. तिने पोलादी पत्र्यांचे चिलखत चढवले की हा आकडा थेट शून्यावर येतो. नुसते लोखंडी जोडे घातले तर 52, धातूचे शिरस्त्राण घातले तर 34, आणि धातूचे हातमोजे घातले तर अवघे 16! साथीचा गलगलाट वाढला की गवयाचा गळा बुडतो, तसाच हा प्रकार. शिवाय फसलेला मंत्र निम्मी शक्ती खातो आणि शत्रूला एक वार फुकट मिळतो.

मिथ्रिलचे चिलखत वजनाला हलके, म्हणून पुष्कळजण फसतात; पण तोही धातूच. खरा इलाज साधा झगा! पोलादी चिलखतावर तो पांघरला तर शून्याचे 34 होतात. अंगावर धातू मुळीच नसेल तर 70चे पुरे 100.

मग रक्षणाचे काय? त्यासाठी ड्रॅगनच्या खवल्यांचे चिलखत शोधावे. पोलादी चिलखत रक्षण देते 7 आणि वजन घेते 450. हे रक्षण देते 9 आणि वजन अवघे 40. त्यातही करड्या ड्रॅगनचे मिळाले तर दुधात साखर. शत्रूची जादू अडवणारे प्रावरण आणि झगा एकाच वेळी पांघरता येत नाहीत. करडे चिलखत ते अडवण्याचे काम स्वतःच करते आणि झग्याला जागा मोकळी राहते. डोक्याला ‘तेजस्वितेचे शिरस्त्राण’ मिळाले तर सोडू नये. ते लोखंडी असूनही मंत्राला बाधत नाही, आणि त्याचा गुणांक चढा असेल तर बुद्धी व शहाणपण तेवढेच वाढवते. व्हॅल्किरीची मूळची लहान ढालही निर्धोक आहे. मोठी ढाल मात्र 70चे साधारण 10 करून टाकते.

सांगायचे तात्पर्य एवढेच, की अशा वीराने वस्तू किती जाड आहे हे पाहू नये. ती कशाची घडली आहे ते पाहावे. संग्रह वाढवणे सोपे. कोणते जडशीळ कवच उतरवून ठेवायचे, हे ज्याला वेळेवर कळते, त्याच्याच हाती तलवार आणि मुखी मंत्र एकत्र नांदतात.