एका दिवसाचे कोल्हापूर : आधी खडक, मग इतिहास

कोल्हापूरची एक दिवसाची वारसा सहल पन्हाळ्याच्या खडकापासून सुरू व्हावी. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या या गडाचा माथा जांभ्याचा आहे; त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. जीवाश्मच नाहीत तर दगड कशाला दाखवायचे, असे कुणी विचारील. पण जीवाश्म का नाहीत, हेच तर इथे समजते. तप्त लाव्ह्यात सजीवांचे अवशेष सहसा टिकत नाहीत, ते जपतो गाळ. म्हणून महाराष्ट्रात डायनासोरची हाडे आणि अश्मीभूत वृक्ष पाहायला गडचिरोलीत, सिरोंचाजवळच्या वडधमला जावे लागते.

दुपार मात्र ब्रह्मपुरी टेकडीला आणि टाऊन हॉल संग्रहालयालाच द्यावी. पंचगंगेकाठच्या या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. तिथे मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती संग्रहालयात आहे. समुद्रापासून घाटाने तोडलेल्या या गावाचा भूमध्य सागराकडच्या व्यापाराशी संबंध होता, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. मग खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर वगळायचे का, हा आक्षेप रास्त आहे. शिलाहारकालीन स्वर्गमंडपाचे ४८ खांब घाईत पाहणे हा त्या शिल्पावर अन्याय होईल; त्याला वेगळा दिवस हवा.